फादियालची साफी

पॅरिसमधलं त्रोकादेरो. नायजरहून आलेला एक माणूस येणाऱ्याजाणाऱ्यांना अडवतो आणि त्यांच्या डोक्यांची मापं घेऊ लागतो. हातात कवट्या मोजायचं अवजार, चेहरा भूमापन खात्यातल्या मोजणीदारासारखा गंभीर. आपण इथल्या जमातीचा अभ्यास करायला आलो आहोत, एवढंच त्याचं म्हणणं. पॅरिसकर जरा गोंधळतात, हसतात आणि मुकाट डोकं पुढे करतात. युरोपातले अभ्यासक पिढ्यान्‌पिढ्या आफ्रिकेच्या गावांत जे करत आले, ते दामुरे झिका नावाचा हा माणूस त्यांच्याच राजधानीत करून दाखवतो. चित्रपटाचं नाव ‘पेती आ पेती’, दिग्दर्शक फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ ज्याँ रूश. चित्रीकरण साठच्या दशकाच्या शेवटी झालं आणि चित्रपट १९७१ साली लागला.

त्यात साफी नावाची एक सेनेगली तरुणी आहे. पॅरिसात ती दामुरेला भेटते आणि पुढे त्या मंडळींबरोबर नायजरला जाते. पडद्यावरचं नाव साफी आणि अभिनेत्रीचंही साफीच, साफी फाय. रूशच्या चित्रपटांत माणसं बहुधा आपल्याच नावाने वावरत. चित्रपट गमतीदार आहे आणि त्याचं कौतुकही पुष्कळ झालं. साफी फायला मात्र तो आवडला नाही. भाबडा आणि मूर्खपणाचा वाटला, असं तिने पुढे सरळ सांगून टाकलं. पण कॅमेरा खांद्यावर घेऊन, पटकथेचं ओझं न बाळगता माणसांमध्ये कसं वावरायचं, ते आपण तिथे शिकलो, हेही तिने नाकारलं नाही. उपकार मान्य, कलाकृती अमान्य. हा रोखठोकपणा तिच्या पुढच्या सगळ्या कामात आहे.

साफीचा जन्म १९४३ साली डाकारमध्ये झाला. घराणं सेरेर समाजातलं, प्रतिष्ठित. मूळ गाव डाकारच्या दक्षिणेचं फादियाल. शिक्षण रुफिस्कच्या अध्यापक विद्यालयात. हे रुफिस्क एके काळी भुईमुगाचं मोठं बंदर होतं. सेनेगलच्या आतल्या प्रदेशातून पोती तिथे यायची आणि जहाजांत भरून मार्सेय-बोर्दोच्या तेलगिरण्यांकडे रवाना व्हायची. फ्रेंचांनी १८८५ मध्ये डाकार ते सँ-लुई असा लोहमार्ग टाकला तोही मुख्यतः याच मालासाठी. साफीचा सगळ्यात महत्त्वाचा चित्रपट पुढे भुईमुगाविरुद्धची तक्रार म्हणूनच उभा राहिला.

१९६० मध्ये सेनेगल स्वतंत्र झाला. राष्ट्राध्यक्ष झाले लेओपोल्द सेदार सेंगोर. तेही सेरेर, फ्रेंच भाषेतले थोर कवी, कृष्णवर्णीयांच्या सांस्कृतिक अभिमानाचे उद्गाते. साफी डाकारमध्ये प्राथमिक शाळेत शिकवू लागली. एप्रिल १९६६ मध्ये सेंगोर यांनी डाकारला कृष्णवर्णीय कलांचा पहिला जागतिक महोत्सव भरवला. ड्यूक एलिंग्टन वाद्यवृंद घेऊन आले, लँग्स्टन ह्यूज, एमे सेझेर यांच्यासारखे कवी आले. तिथेच या शिक्षिकेची आणि रूशची गाठ पडली. सिनेमा हे समाज समजून घेण्याचं साधन होऊ शकतं, हे तिने पहिल्यांदा त्याच्याकडून ऐकलं.

या भेटीला एक पार्श्वभूमी आहे. वर्षभरापूर्वीच, १९६५ मध्ये, रूश आणि उस्मान सेम्बेन यांची जाहीर खडाजंगी झाली होती. सेम्बेन हा मार्सेयच्या गोदीत हमाली केलेला, मॉस्कोत सिनेमा शिकलेला सेनेगली कादंबरीकार. तुम्ही लोक आमच्याकडे किडे-मुंग्यांकडे पाहावं तसं पाहता, असं त्याने रूशला तोंडावर सुनावलं. त्याच्या ‘ला न्वार द...’ या १९६६ च्या चित्रपटात द्युआना ही डाकारची मुलगी फ्रान्समध्ये आंतीबला एका गोऱ्या कुटुंबाकडे कामाला जाते आणि शेवटी न्हाणीघरात जीव देते. परदेशी गेलेली आफ्रिकन बाई म्हणून सिनेमात तेव्हा हीच ठळक प्रतिमा होती: सोसणारी, गप्प राहणारी, आपलं म्हणणं फक्त मनात बोलणारी. चित्रपट थोर आहे, यात शंका नाही. पण तो पुरुषाने रचलेला आहे, हेही दिसतं.

सिनेमा हातात घेणंच तेव्हा सोपं नव्हतं. १९३४ चा एक फ्रेंच हुकूम होता, वसाहतमंत्री पिएर लाव्हाल याच्या नावाने ओळखला जाणारा. त्यानुसार फ्रेंच आफ्रिकेत कुणालाही चित्रीकरण करायचं तर संहिता आणि माणसं यांना सरकारी परवानगी लागे. आफ्रिकनांच्या हाती कॅमेरा जाऊ नये, हा त्यातला मतलब. पोलँ सुमानू व्हिएरा हा पॅरिसच्या चित्रपट संस्थेतून शिकून बाहेर पडलेला पहिला आफ्रिकन. त्यालाही मायदेशी चित्रीकरण करता येईना, म्हणून त्याने १९५५ मध्ये पॅरिसमध्येच ‘आफ्रिक स्यूर सेन’ बनवला. आफ्रिकन सिनेमाची एक सुरुवात अशी सेन नदीच्या काठी झाली. स्वातंत्र्यानंतर हुकूम गेला, पण चित्रपटगृहं गेली नाहीत. फ्रेंचभाषक पश्चिम आफ्रिकेतली बहुतेक थिएटरं कोमासिको आणि सेक्मा या दोन फ्रेंच कंपन्यांच्या मुठीत होती. पडद्यावर अमेरिकन मारधाड, फ्रेंच आणि इजिप्शियन चित्रपट आणि मुंबईहून आलेले हिंदी गाणी-नाच. सेनेगलच्या प्रेक्षकाला राज कपूर भेटायचा. सेनेगल भेटायचा नाही.

शाळेतली नोकरी सोडून साफी पॅरिसला गेली. ‘एकोल प्रातिक दे ओत्झ एत्यूद’ या संस्थेत मानववंशशास्त्र आणि लुई ल्युमिएर विद्यालयात सिनेमा, असं दुहेरी शिक्षण तिने सुरू केलं. पोटासाठी मॉडेलिंग केलं, छोट्यामोठ्या भूमिका केल्या, चित्रपटांना आवाजाचे परिणाम देण्याचं काम केलं. शिकायचं दुसऱ्याकडे बघण्याचं शास्त्र आणि पोट भरायचं दुसऱ्यांनी आपल्याकडे बघण्यावर, अशी ती विचित्र वर्षं. तिची पहिली लघुफिल्म यातूनच निघाली. १९७२ ची ‘ला पासांत’, म्हणजे वाटेने जाणारी. पॅरिसच्या रस्त्यावरून एक आफ्रिकन बाई चालत जाते. ही भूमिका साफीनेच केली. एक फ्रेंच पुरुष तिच्याकडे बघतो, एक आफ्रिकन पुरुष बघतो, आणि दोघं आपापल्या मनात आपापली बाई रंगवतात. जेमतेम दहा मिनिटांचा खेळ. अभिनेत्री आणि दिग्दर्शक ही तिची दोन्ही रूपं एकत्र पाहायची तर ती इथेच. यानंतर ती हळूहळू कॅमेऱ्याच्या मागे गेली ती गेलीच. तिथे तिला जास्त मोकळं वाटलं असावं.

आणि कॅमेऱ्याच्या मागे गेल्यावर तिने तो कुठे नेला? फादियालला. १९७५ च्या ‘काद्दू बेयकात’वर मला जरा रेंगाळायचं आहे, कारण साफी फायचं नाव राहील ते मुख्यतः या चित्रपटाने.

नाव वोलोफ भाषेतलं. शेतकऱ्याचं म्हणणं, असा अर्थ. फ्रेंचमध्ये तो ‘शेतकऱ्याचं पत्र’ या नावानेही ओळखला गेला. रचना खरोखरच पत्राची आहे. सुरुवातीला साफीचा आवाज ऐकू येतो, घरी चार घटका येऊन बसायचं आमंत्रण देणारा. मग कृष्णधवल चित्रांत गाव उलगडतं. पहाट, कांडणाऱ्या बाया, शेताकडे निघालेले पुरुष, पावसाची वाट. गोष्ट म्हणावी तर अगदी लहान आहे. न्गोर नावाच्या तरुणाला कुंबाशी लग्न करायचं आहे. मुलीच्या घरच्यांना देज द्यायचं तर पैसा हवा, पैसा भुईमुगातून येणार आणि पाऊस तर नाही. न्गोर डाकारला जातो. तिथे मिळेल ते काम करतो, कष्टाचे पैसे पुरते हातात पडत नाहीत, आणि तो परततो. परतल्यावर गावच्या झाडाखाली बसलेल्या पुरुषांना शहरात काय पाहिलं ते सांगतो. एवढंच.

पण या बारीक धाग्याभोवती जे आहे, ते दांडगं आहे. झाडाखालची माणसं बोलत राहतात आणि साफी कॅमेरा हलवत नाही. पूर्वी आपण ज्वारी-बाजरी पिकवायचो, पोटाला पुरेसं व्हायचं. गोरे आले, कर आला, कर रोखीत भरायचा म्हणून भुईमूग आला. गोरे गेले, भुईमूग राहिला. आता सरकारच बियाणं उधार देतं, खत उधार देतं, अवजारं उधार देतं, आणि हंगामाच्या शेवटी वजनकाटाही सरकारचाच. काट्यावर काय ठरेल ते ठरेल. त्यातून कर्ज वळतं करून घेतल्यावर शेतकऱ्याच्या हातात जे राहतं, त्यातून बाजारातला आयातीचा तांदूळ घ्यायचा.

हे रडगाणं हवेतलं नव्हतं. १९६६ मध्ये सेनेगल सरकारने ‘ओंकाद’ नावाची यंत्रणा उभारली होती. भुईमुगाची खरेदी, बियाणं, कर्ज सगळं तिच्या हाती. फ्रान्स स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं सेनेगलचा भुईमूग चढ्या दराने घेत होता. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ती सवलत संपली आणि भाव कोसळले. नेमका तेव्हाच, १९६८ पासून, साहेल प्रदेशात दुष्काळ पडला, तो १९७३ पर्यंत हटला नाही. शेतकऱ्यांनी अनेक ठिकाणी भुईमूग कमी करून पुन्हा पोटापुरतं धान्य पेरायला घेतलं. ‘ओंकाद’ अखेर १९८० मध्ये गैरकारभाराच्या आणि कर्जाच्या ओझ्याखाली बंद करावी लागली. म्हणजे फादियालच्या झाडाखाली बसलेल्या म्हाताऱ्यांना जे १९७५ मध्ये स्वच्छ दिसत होतं, ते सरकारदरबारी मान्य व्हायला आणखी पाच वर्षं लागली.

मराठी वाचकाला न्गोरची गोष्ट परकी वाटू नये. बाबूराव पेंटरांच्या १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये कर्जापायी जमीन गमावलेला शेतकरी शहरात जाऊन गिरणीकामगार होतो, ती भूमिका तरुण व्ही. शांताराम यांनी केली होती. तिथे खलनायक सावकार होता, त्याच्याकडे बोट दाखवता येत होतं. फादियालमध्ये सावकाराच्या गादीवर स्वतःचंच स्वतंत्र सरकार बसलेलं आहे, आणि म्हणून साफीचा चित्रपट अधिक अवघड आहे. त्यात कुणी दुष्ट माणूस दिसत नाही. दिसतात ती कोरडी शेतं.

पैसा किती लागला? सुमारे २० हजार डॉलर, तेही फ्रान्सच्या सहकार्य मंत्रालयाकडून. या मंत्रालयात १९६३ पासून आफ्रिकन सिनेमाला मदत करणारा विभाग होता. मदत खरी होती. तिच्याविना त्या पिढीतले निम्मे चित्रपट झालेच नसते. पण त्या मदतीबरोबर अशीही व्यवस्था आली, की चित्रपटाचे बिगर-व्यावसायिक हक्क फ्रान्सकडे राहत आणि तो दाखवला जाई प्रामुख्याने फ्रेंच सांस्कृतिक केंद्रांत. जुन्या राज्यकर्त्याने पैसा द्यायचा, त्यातून नव्या राज्यकर्त्यावर टीका करायची आणि ती टीका ऐकायची पुन्हा जुन्या राज्यकर्त्याच्या दिवाणखान्यात. या तिढ्यावर साफीने कधी भाषणं केली नाहीत. पॅट्रिक फाब्री हा छायाचित्रकार आणि अगदी मोजकी माणसं घेऊन ती गावात गेली. गावकऱ्यांनी स्वतःचीच कामं केली. तिच्या आजोबांनीही केलं. चित्रीकरण संपलं आणि थोड्याच दिवसांत ते वारले. शेवटी पुन्हा साफीचा आवाज येतो. पत्र माझं, बाकी सगळं माझ्या शेतकरी आप्तांचं, असं सांगून ती त्यांचे आभार मानते.

बर्लिनला १९७६ मध्ये या चित्रपटाला आंतरराष्ट्रीय समीक्षक संघाचा पुरस्कार मिळाला, फ्रान्समध्ये जॉर्ज सादूल पुरस्कार मिळाला. सेनेगलमध्ये त्यावर बंदी आली. राष्ट्राध्यक्ष सेंगोर सेरेर मातीचं गाणं गाणारे कवी, आणि सेरेर शेतकऱ्यांचं बोलणं त्यांच्याच राज्यात पडद्यावर येऊ देईनात! यातला विरोधाभास साफीला वेगळा सांगावा लागला नाही. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकन स्त्रीने बनवलेला आणि व्यावसायिकरीत्या वितरित झालेला हा पहिला पूर्ण लांबीचा कथाचित्रपट, असं त्याचं वर्णन आता सगळीकडे केलं जातं.

या ‘पहिल्या’बद्दल थोडं. कॅमेरूनच्या तेरेझ सिता-बेला हिने १९६३ मध्येच ‘ताम-ताम आ पारी’ हा अर्ध्या तासाचा माहितीपट बनवला होता. कॅमेरूनचं राष्ट्रीय नृत्यपथक पॅरिसला आलं होतं, त्याच्यावर. ही बाई पत्रकार होती आणि विमानही चालवायची. सारा माल्डोरोर हिने १९७२ मध्ये अंगोलाच्या मुक्तिलढ्यावर ‘सांबिझांगा’ केला, पण तिचा जन्म फ्रान्सचा, मूळ कॅरिबियनमधल्या ग्वादलूपचं. म्हणून मग ‘पूर्ण लांबीचा’, ‘व्यावसायिक’, ‘सहाराच्या दक्षिणेकडचा’ अशी विशेषणं जोडत जोडत साफीपर्यंत पोहोचायचं. मला या खटाटोपात फारसा रस नाही. पहिलेपणाच्या बिल्ल्याने साफीचं नुकसानच झालं, असं वाटतं. ज्याने त्याने बिल्ला वाचला आणि चित्रपट पाहायचा राहिला.

१९७९ मध्ये तिने पॅरिस विद्यापीठातून मानववंशशास्त्राची डॉक्टरेट घेतली आणि त्याच वर्षी ‘फादियाल’ पूर्ण केला. कान महोत्सवात तो ‘अँ सर्तँ रगार’ विभागात दाखवला गेला. सुरुवातीलाच गावातलं ख्रिस्ती देऊळ दिसतं आणि मग शाळा. सेरेर मुलं फ्रेंच पुस्तकातून घोकत असतात, की चौदावा लुई हा फ्रान्सचा सर्वांत मोठा राजा, त्याला सूर्यराजा म्हणत. शाळा सुटते, मुलं धावत सुटतात आणि झाडाखाली आजोबांभोवती जमतात. आजोबा दुसरा इतिहास सांगतात: हे गाव एका बाईने वसवलं, अमक्या वर्षी टोळ आले, तमक्या वर्षी दुष्काळ, अमका राजा असा होता. अम्पाते बा या माली देशातल्या विद्वानाचं प्रसिद्ध म्हणणं होतं, की आफ्रिकेत म्हातारा मरतो तेव्हा एक ग्रंथालय जळून जातं. साफीने ते चित्रपटाच्या तोंडीच ठेवलं आहे. मात्र ती नुसतं ग्रंथालय जपायला बसलेली नाही. आजोबांच्या गोष्टींमध्येच ती १९६४ च्या जमीन कायद्यावरची गावकऱ्यांची चर्चा आणून सोडते. या कायद्याने नोंदणी नसलेली बहुतेक जमीन राष्ट्राच्या मालकीची ठरली. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन कुणाची, हे कागदावर नसेल तर काय? आजोबांनी सांगितलेला इतिहास हाच गावाचा सातबारा. तोंडी इतिहासाला अशी रोखठोक कायदेशीर किंमत आहे, हे दाखवणारा दुसरा चित्रपट माझ्या पाहण्यात नाही.

अभ्यासक म्हणून बाहेरून आलेली बाई आणि गावची लेक, या दोन भूमिकांत तिची ओढाताण होत असेल असं आपल्याला वाटतं. पडद्यावर मात्र ती दिसत नाही. रूशच्या चित्रपटांत त्याचा स्वतःचा गप्पिष्ट आवाज सतत सोबत असतो, तो तुम्हाला आफ्रिका समजावून देतो. साफी मोजकं बोलते आणि गप्प बसते. मग माणसं बोलतात, आपल्या गतीने, आपल्या भाषेत. मध्येच कुणी उठून जातं, कुणी खोकतं. शहरी प्रेक्षकाला हे संथ वाटतं. प्रामाणिकपणे सांगायचं तर ‘फादियाल’चा मधला भाग मलाही लांबलेला वाटला. पण झाडाखालची बैठक लवकर आटोपत नसते, हेही तितकंच खरं.

पुढचं दशक जर्मनीत आणि फुटकळ कामांत गेलं. १९७९-८० मध्ये ती बर्लिनला व्हिडिओनिर्मिती शिकली, तिथल्या मुक्त विद्यापीठात पाहुणी अध्यापक म्हणून शिकवलंही. जर्मन दूरचित्रवाणीसाठी तिने ‘मान सा याय’ केला. बर्लिनमध्ये शिकणारा एक सेनेगली मुलगा आणि गावाकडून येणारी आईची पत्रं. पत्रांत प्रेम असतं आणि मागण्याही असतात. परदेशी गेलेला मुलगा म्हणजे पैशांचा झरा, ही घरच्यांची समजूत आणि तिथली त्याची फाटकी खोली, यांच्यातलं अंतर ज्यांच्या घरातलं कुणी आखातात किंवा अमेरिकेत गेलं आहे, त्यांना सांगावं लागणार नाही. मग ‘सेल्बे’ आला, अर्ध्या तासाचा. नवरा कामासाठी शहरात गेलेला, घरात आठ मुलं, आणि एक बाई दिवसभर काय काय करते ते. मासळी, मडकी, पाणी, चूल. सेल्बे काम करता करता बोलते. साफी विचारते, ती उत्तर देते, हात थांबत नाहीत. पॅरिसमधल्या परदेशी खाणावळींवरही साफीने एक माहितीपट केला. संस्थांच्या, दूरचित्रवाणी वाहिन्यांच्या मागणीनुसार केलेली ही कामं लहान होती, पण स्थलांतरित कलावंताचा संसार चालतो तो अशाच कामांवर.

हे सगळे चित्रपट एकापुढे एक ठेवले की एक गोष्ट नजरेत भरते. प्रत्येकात कुणीतरी गाव सोडून गेलेलं आहे. न्गोर डाकारला, विद्यार्थी बर्लिनला, सेल्बेचा नवरा शहरात, ‘ला पासांत’मधली बाई पॅरिसला. जाणाऱ्याचं काय झालं, याहून मागे राहिलेल्यांनी काय भरपाई केली, याचा हिशेब साफीला जास्त महत्त्वाचा वाटतो. आणि हा हिशेब मांडणारी स्वतः गेलेल्यांपैकीच आहे. परदेशी राहून तिने स्वतःच्या एकटेपणावर एकही लांब चित्रपट केला नाही. तिच्या जागी दुसरं कुणी असतं, तर निदान एक नक्की केला असता.

‘मोसान’मध्ये हा हिशेब सर्वांत कडू झाला. हा तिचा पहिला आणि एकमेव निखळ काल्पनिक, रंगीत, मोठ्या पडद्याला शोभेलसा चित्रपट. मोसान चौदा वर्षांची, गावातली सर्वांत सुंदर मुलगी. जन्मतःच तिचं लग्न जोगोय नावाच्या माणसाशी ठरलेलं. तो आता फ्रान्समध्ये कमावतो, वस्तू आणि पैसे पाठवतो. मोसानचं मन फारा नावाच्या गरीब विद्यार्थ्यावर. आईबापांना जावई परदेशातलाच हवा. लग्न नवऱ्याच्या गैरहजेरीत लावायचं ठरतं. ऐन लग्नात मोसान नकार देते, रात्री होडी घेऊन निघते आणि बुडते. सेरेरांच्या समजुतीतले पूर्वजांचे आत्मे, पांगूल, तिच्या मागावर आहेत अशी पुराणकथेची चौकट साफीने तिला दिली. ही कथा परंपरेतून उचललेली नव्हती, तिने स्वतः रचली होती. सुशिक्षित सेनेगली प्रेक्षकांनाही ती जुनीच दंतकथा वाटली, हे तिचं यश. बायकांच्या शरीरसुखाच्या गप्पा आणि दृश्यं तिने बेधडक घातली. त्यावर नाकं मुरडली गेली.

छायाचित्रण युर्गेन युर्गेसचं, म्हणजे जर्मन दिग्दर्शक फासबिंडरच्या ‘एफी ब्रीस्ट’चा कॅमेरामन. पडद्यावर समुद्र, खाडी आणि कातडीचा रंग यांचं जे काही दिसतं, ते विलक्षण आहे. गाणी यांदे कोदू सेन हिची. ही सेंगोर यांची भाटीण म्हणून प्रसिद्ध असलेली सेरेर गायिका. तिच्या बुलंद आवाजाला मागच्या बायका साथ देतात तेव्हा गावच गातंय असं वाटतं. ज्या राजवटीने साफीच्या शेतकऱ्यांची तोंडं बंद केली होती, त्या राजवटीच्या गायिकेला तिने आपल्या चित्रपटात गायला बोलावलं. मनात आकस ठेवणारी बाई असं करत नाही.

चित्रीकरण १९९० मध्ये उरकलं होतं. पण हक्कांवरून निर्मात्याशी वाद पेटला, प्रकरण कोर्टात गेलं आणि रिळं अडकली. परदेशात चित्रपट करणाऱ्याला पैसा आणि तंत्रज्ञ जसे मिळतात, तसे परक्या कायद्याचे आणि परक्या वकिलांचे फासही मिळतात. चित्रपट सोडवून घ्यायला सहा वर्षं गेली. १९९६ मध्ये ‘मोसान’ कानला दाखवला गेला, पुन्हा ‘अँ सर्तँ रगार’मध्ये. तेव्हा साफी बावन्न वर्षांची होती. दिग्दर्शकाला हे वय फार नसतं. सेम्बेनने ‘मूलादे’ केला तेव्हा तो ऐंशीच्या घरात होता. पण साफीने त्यानंतर एकही चित्रपट पूर्ण केला नाही. सत्तावीस वर्षं ती पॅरिसला राहिली, महोत्सवांना गेली, तरुण बायका तिला भेटायला येत राहिल्या.

२०१८ मध्ये ‘फादियाल’ची जतन करून नव्याने तयार केलेली प्रत कानच्या अभिजात विभागात दाखवण्यात आली. पुढच्याच वर्षी माती दिओप या सेनेगली वंशाच्या फ्रेंच दिग्दर्शिकेचा ‘अटलांटिक’ कानच्या मुख्य स्पर्धेत होता. डाकारच्या बांधकामावरची मजुरी बुडालेली पोरं होडीतून स्पेनकडे निघतात, बुडतात, आणि मागे राहिलेल्या मुलींच्या अंगात येऊन ठेकेदाराकडे थकलेला पगार मागतात, अशी त्याची कथा. त्याला ग्रां प्री मिळालं. ‘काद्दू बेयकात’मधला, मजुरी बुडालेला न्गोर निदान गावी परतला होता.

साफी फायचं निधन २२ फेब्रुवारी २०२३ रोजी पॅरिसमध्ये झालं. तीनच दिवसांनी बुर्किना फासोमध्ये वागाडुगूला आफ्रिकन सिनेमाचा सर्वांत मोठा महोत्सव, फेस्पाको, सुरू झाला. १९६९ च्या त्याच्या पहिल्या वर्षी सिता-बेलाचा माहितीपट दाखवला गेला होता. त्याचा सर्वोच्च सन्मान, ‘यनेंगाचा सुवर्ण अश्व’, १९७२ पासून दिला जातो. यनेंगा ही मोसी लोकांच्या दंतकथेतली घोड्यावर बसून लढणारी राजकन्या. तिच्या नावाचा हा अश्व आजवर एकाही स्त्री-दिग्दर्शकाला मिळालेला नाही. २०२३ मध्येही तो पुरुषाकडेच गेला आणि २०२५ मध्येही.